फिरत्या नाटक कंपनीची धाकटी लेक

इंग्लिश अभिनेत्री फेलिसिटी केंडल पहिल्यांदा रंगमंचावर आली तेव्हा नऊ महिन्यांची होती. चालता येत नव्हतं, म्हणून तिला उचलून आणलं होतं. नाटक शेक्सपिअरचं, ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’. भूमिका त्या पोराची, ज्याच्यावरून परीराज्याच्या राजाराणीचं बिनसतं. हे पोर हिंदुस्थानातल्या एका राजाकडून पळवून आणलेलं, असं शेक्सपिअरनंच लिहून ठेवलंय. बहुतेक प्रयोगांत ते प्रेक्षकांना दिसतही नाही, नुसतं त्याच्याबद्दल बोललं जातं. पण इथं नाटकवाल्यांच्या घरातच तान्हं मूल होतं. मग ते विंगेत कशाला ठेवायचं?

मी तिच्याकडे पोचले ती मुंबईतून, तिच्या थोरल्या बहिणीच्या वाटेनं. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये नाटकं बघत जी पिढी मोठी झाली, त्यातली मी. तीन बाजूंनी प्रेक्षक, नटाच्या कपाळावरचा घाम दिसावा इतकं जवळचं अंतर, तिसरी घंटा झाली की उशिरा येणाऱ्याला आत प्रवेश नाही. हे नाट्यगृह ज्यांनी उभारलं त्यांत शशी कपूरच्या बरोबरीनं जेनिफर केंडल होती, हे बऱ्याच उशिरा नीट लक्षात आलं. जेनिफरचा शोध घेताना तिचे आईवडील भेटले, त्यांची कंपनी भेटली आणि मग तेरा वर्षांनी धाकटी असलेली ही बहीण, जिला इंग्लंड घरातल्या मुलीसारखं ओळखतं आणि आपल्याकडे फारसं कुणी ओळखत नाही.

वडील जेफ्री मूळचे ब्रॅग. उत्तर इंग्लंडातल्या केंडल गावात जन्मले आणि नाटकात आल्यावर गावाचंच नाव आडनाव म्हणून लावलं. आई लॉरा लिडेल, तीही नटी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांची करमणूक करणाऱ्या पथकातून हे जोडपं हिंदुस्थानात आलं आणि देशानं त्यांना धरून ठेवलं. १९४७ मध्ये ते ‘शेक्सपिअराना’ ही स्वतःची कंपनी घेऊन परत आले. म्हणजे गोऱ्यांचं राज्य गाशा गुंडाळत होतं त्याच वर्षी हे गोरे कुटुंब ट्रंका भरून उलट्या दिशेनं निघालं होतं. मधली काही वर्षं इंग्लंडात काढून १९५३ मध्ये पुन्हा आले. तेव्हा फेलिसिटी सात वर्षांची होती.

मग दहाएक वर्षं फक्त फिरती. आज एखाद्या संस्थानिकाच्या राजवाड्यात, उद्या मिशनच्या शाळेच्या हॉलमध्ये, परवा आणखी कुठं. आगगाडीत कपड्यांच्या पेट्या, त्यांत मुकुट, तलवारी, विग. मंडळी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी, त्यामुळे एकेकाला तीन-तीन भूमिका आणि त्यावर इस्त्री, रफू, प्रॉम्प्टिंग, पडदा. कलकत्त्याचा उत्पल दत्त याच कंपनीत शेक्सपिअर करत होता. पुढे बंगाली रंगभूमीवर त्यानं जे वादळ उठवलं, त्याची तालीम काही अंशी इथं झाली. शशी कपूरही काही काळ याच कंपनीतून फिरला.

फेलिसिटीचं शिक्षण लोरेटो कॉन्व्हेंटच्या सहा वेगवेगळ्या शाळांत झालं. सहा! कंपनीचा मुक्काम हलला की शाळा बदलायची. आपल्याकडे संगीत नाटक मंडळींच्या बिऱ्हाडात वाढलेल्या मुलांच्या आठवणी ज्यांनी वाचल्यात त्यांना हे आयुष्य परकं वाटणार नाही. नटवर्ग एकत्र राहतो, एकत्र जेवतो, मालक हाच बाप असतो आणि बाप रात्री राजा होतो. मुलांना वेगळं असं काही शिकवत नाहीत. आजारी पडलेल्याच्या जागी उभं राहता यावं इतकी नाटकं त्यांना आपोआप पाठ होतात.

हे सगळं मी तपशिलात सांगतेय, कारण फेलिसिटीबद्दल इंग्लंडात जे लिहिलं जातं ते वाचताना मला सारखं काहीतरी खटकत राहतं. गोड, लाघवी, खट्याळ, घोगऱ्या आवाजाची. १९८१ मध्ये तर तिथल्या एका पुरस्कारानं तिच्या शरीराच्या मागच्या बाजूचा गौरव केला. वर्षानुवर्षं तिच्या नावामागे ते लावलं जातं. पन्नासहून अधिक वर्षं रंगभूमीवर पाय रोवून उभ्या असलेल्या बाईचं हे मोजमाप मला क्षुद्र वाटतं. तिचा जो सहजपणा लोकांना जन्मजात वाटतो, तो हिंदुस्थानातल्या शाळांच्या हॉलमध्ये, माइक नाही, दिवे धड नाहीत, समोर चारशे पोरं कुजबुजतायत, अशा ठिकाणी कमावलेला आहे. ती गोड आहे यात शंका नाही. पण त्या गोडव्याखाली कामगाराचं अंग आहे.

त्या जगाचा एक पुरावा सुदैवानं शिल्लक आहे. १९६५ चा ‘शेक्सपिअरवाला’. इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांची ही सुरुवातीची कृती, पटकथेत रूथ प्रवर झाबवाला, संगीत चक्क सत्यजित राय यांचं. पैसे कमी म्हणून कृष्णधवल. कथा केंडल कुटुंबावरूनच सुचलेली. जेफ्री आणि लॉरा यांनी बकिंगहॅम नावाच्या जोडप्याचं काम केलंय, फेलिसिटी त्यांची मुलगी लिझी. तिच्यावर प्रेम करणारा श्रीमंत तरुण म्हणजे शशी कपूर, प्रत्यक्षातला तिचा मेव्हणा.

त्यात ‘ऑथेल्लो’चा एक प्रसंग आहे. वर रंगमंचावर डेस्डेमोनाच्या मरणाची वेळ जवळ आलेली, आणि प्रेक्षागृहात हिंदी सिनेमाची तारका मंजुळा लवाजम्यासह उशिरा येते. मधुर जाफरीनं हे काम इतकं ऐटीत केलंय की बर्लिनच्या महोत्सवात तिला अभिनयाचं पारितोषिक मिळालं. सगळ्या प्रेक्षागृहाच्या माना तिच्याकडे वळतात. लोक सह्या घ्यायला धावतात. वर नाटक चालूच आहे आणि खाली त्याकडे कुणाचं लक्ष नाही. मी हा प्रसंग पाहते तेव्हा माझी नजर लिझीवर असते. अठरा वर्षांची ती पोर. चेहऱ्यावर राग नाही. काय घडतंय ते तिला पुरतं कळलेलं असतं, आणि तरी कामातून ती हलत नाही. दिग्दर्शकानं सांगून हे येत नाही. प्रेक्षक हातचा निसटताना जिनं खरोखर पाहिलंय तिलाच ते जमतं.

जेफ्रींना या चित्रपटातलं आपलं चित्र पटलं नव्हतं. पडद्यावरची कंपनी मोडकळीला आलेली दाखवली होती आणि त्यांच्या लेखी त्यांची कंपनी भक्कम चालली होती. दोघांच्याही बाजूनं बोलता येईल. शाळांमधून मागणी होती हे खरं, आणि वारं फिरलं होतं हेही खरं.

चित्रपटाच्या शेवटी लिझी बोटीनं इंग्लंडला जाते. फेलिसिटीनंही तेच केलं. त्याआधी सतराव्या वर्षी कलकत्त्यात विषमज्वरानं अंथरूण धरलं होतं, त्यातून उठली. कंपनीत राहिली असती तर ज्युलिएट, ऑफेलिया, पोर्शिया सगळं तिचंच होतं. लंडनमध्ये तिला कुणी ओळखत नव्हतं. वडिलांना हे जाणं आवडलं नाही. त्यांच्या दृष्टीनं नाटक म्हणजे कंपनी, आणि कंपनी सोडणं म्हणजे नाटक सोडणं. १९९८ मध्ये तिनं ‘व्हाइट कार्गो’ हे आत्मचरित्र लिहिलं, तेव्हा वडील अखेरच्या आजारात बिछान्यावर होते. त्यांच्या उशाशी बसून ती जुनं सगळं आठवत जाते. त्याच वर्षी ते गेले. बापलेकींमधला तो जुना तिढा त्या पुस्तकात शेवटपर्यंत सुटत नाही, आणि तिनं तो ओढूनताणून सोडवला नाही, म्हणून मला ते पुस्तक मोलाचं वाटतं.

लंडनची पहिली वर्षं कामाच्या शोधातच गेली. १९६६ मध्ये जॉन गिलगुडसारख्या दिग्गजाबरोबर बीबीसीचं एक दूरचित्रवाणी नाटक मिळालं, १९६७ मध्ये वेस्ट एंडवर पदार्पण झालं, पण गाडी रुळावर यायला १९७४ उजाडलं. ॲलन एकबर्नच्या ‘द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स’ या नाट्यत्रयीत ती ॲनी झाली. त्याच संचात पेनलपी कीथ होती. बीबीसीच्या नव्या विनोदी मालिकेसाठी नट शोधणाऱ्यांची नजर दोघींवर एकाच नाटकात पडली, आणि १९७५ मध्ये ‘द गुड लाइफ’ सुरू झाली.

गोष्ट साधी आहे. लंडनच्या कडेचं सर्बिटन नावाचं सुखवस्तू उपनगर. टॉम गुड चाळीस वर्षांचा होतो आणि त्याला नोकरीचा वीट येतो. नाश्त्याच्या सीरिअलच्या पाकिटात घालायची प्लॅस्टिकची खेळणी रेखाटण्यात जन्म चाललेला. तो ठरवतो, नोकरी सोडायची आणि घराच्या आवारातच पिकवून खायचं. पुढचं अंगण नांगरून टाकायचं, डुकरं पाळायची, कोंबड्या, बकरी. आणि हे सगळं त्याच्या बायकोच्या, बार्बराच्या, होकारावर अडलेलं असतं. शेजारी जेरी आणि मार्गो. जेरी टॉमच्याच कचेरीतला, मार्गो म्हणजे नीटनेटकेपणाचा पुतळा.

रिचर्ड ब्रायर्सचा टॉम बोलतो फार. वाक्यावर वाक्य. पेनलपी कीथची मार्गो प्रत्येक शब्द वजन करून टाकते. पॉल एडिंग्टनचा जेरी भुवईनं बोलतो. या तिघांच्या मधे बार्बरा करते काय? ऐकते. कॅमेरा तिच्यावर आला की कळतं, टॉमचं बोलणं तिला कुठल्या शब्दाला पटलं, कुठल्या शब्दाला भीती वाटली, आणि नंतर भीती असूनही आपण याच्यासोबत जायचं हे तिनं कधी ठरवलं. विनोदी मालिकेत टाळ्या बोलणाऱ्याला मिळतात. ऐकणाऱ्यानं नीट ऐकलं नाही तर मात्र बोलणाऱ्याचा विनोद जमिनीवर पडतो, हे नाटकात काम केलेल्या कुणालाही विचारा. मालिकेचं चित्रण प्रेक्षकांसमोर व्हायचं, आणि चौघंही नाटकात मुरलेले. हशा विरेपर्यंत किती थांबायचं हे चौघांच्या अंगात होतं.

१९७७ चा नाताळचा भाग मी अनेकदा पाहिलाय. मार्गोनं दुकानातून मागवलेलं ख्रिसमसचं झाड मापापेक्षा थोडं कमी भरतं म्हणून ती सगळी मागणीच परत पाठवते, आणि ऐन सणाला घर रिकामं. शेवटी ती दोघं गुड मंडळींकडे येतात. तिथं वर्तमानपत्रांच्या टोप्या, घरी केलेली वाइन, आणि हातानं बनवलेले क्रॅकर, म्हणजे ओढून फोडायचे कागदी फटाके, जे ओढले की आवाज होत नाही, आवाज आपणच तोंडानं करायचा. मार्गोला टोपीसुद्धा आपल्याला शोभेल अशाच वर्तमानपत्राची हवी असते. बार्बरा या सगळ्यात मार्गोची फजिती होऊ देते, पण तिला एकटी पाडत नाही. या भागात तिचे संवाद फारसे नाहीत. तिच्या नजरेतून मात्र मार्गो आपल्याला आवडू लागते, आणि दुसऱ्या नटीचं पात्र प्रेक्षकाला आवडवून देणं हे सगळ्यांत निःस्वार्थी काम आहे.

मालिकेच्या शेवटच्या पर्वात एक भाग येतो, ज्यात कुणीतरी घरात घुसून सगळी नासधूस करून जातं. बार्बरा कोसळते. इतकी वर्षं हसत चिखल तुडवणारी बाई, आणि आता तिच्यात उठायचं बळ नाही. हसऱ्या मालिकेत असं रडणं आणायचं आणि त्याचं नाटकी काही होऊ द्यायचं नाही, हे अवघड होतं. ते तिनं केलं. शेवटचा भाग १९७८ मध्ये खुद्द राणीसमोर झाला, आणि फेलिसिटी इंग्लंडची बार्बरा होऊन बसली. इंग्रजी मध्यमवर्गाची आदर्श मुलगी म्हणून देशानं जिला उचलून धरलं, तिचं शालेय वय भारतातल्या आगगाड्यांत गेलेलं होतं!

त्या लोकप्रियतेवर ती आरामात जगू शकली असती. ‘सोलो’, ‘द मिस्ट्रेस’ या मालिका झाल्याच, पुढे २००३ पासून पॅम फेरिसबरोबर बागकाम करता करता खून उलगडणारी ‘रोझमेरी अँड थाइम’ झाली. ती मला विशेष लक्षात राहिली नाही. पण ‘गुड लाइफ’ संपल्यावर पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, ती नॅशनल थिएटरच्या ऑलिव्हिए रंगमंचावर ‘अमॅडिअस’च्या पहिल्यावहिल्या संचात उभी होती. दिग्दर्शक पीटर हॉल, सालिएरी पॉल स्कोफील्ड, मोत्झार्ट सायमन कॅलो, आणि ही मोत्झार्टची बायको कॉन्स्टान्झ. पुढच्या वर्षी स्कोफील्डच्याच ऑथेल्लोसमोर ती डेस्डेमोना झाली. चित्रपटात जी डेस्डेमोना मंजुळेच्या लवाजम्यापुढे हरवली होती, ती आता नॅशनल थिएटरच्या रंगमंचावर. मग टॉम स्टॉपर्ड. ‘द रिअल थिंग’, ‘हॅपगुड’, १९९३ मध्ये ‘आर्केडिया’तली हॅना. स्टॉपर्डची वाक्यं बुद्धीनं ठासून भरलेली असतात. नटानं ती हुशारीनं म्हटली की प्रेक्षक दमतो. तिनं ती रोजच्या बोलण्यासारखी म्हटली.

२००३ मध्ये तिनं बेकेटचं ‘हॅपी डेज’ केलं, पुन्हा पीटर हॉलबरोबर. ज्यांनी हे नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. विनी नावाची बाई पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीच्या ढिगाऱ्यात पुरलेली आहे. दुसऱ्या अंकात गळ्यापर्यंत. पिशवीतून दात घासायचा ब्रश काढणं, आरसा बघणं, टोपी घालणं, आणि बोलत राहणं, एवढंच. दुसऱ्या अंकात तर हातही गेले, फक्त डोळे आणि तोंड. लगबगीचं चालणं आणि हलकं शरीर यांसाठी जिचं कौतुक झालं, तिनं ते सगळं पुरून टाकणारी भूमिका निवडली. सत्तावन्नाव्या वर्षाला पोचलेल्या नटीनं स्वतःच्या कौतुकाला दिलेलं याहून सरळ उत्तर मला सुचत नाही.

जेनिफरचं आयुष्य दुसऱ्या दिशेला गेलं. १९५६ मध्ये कलकत्त्यात तिची आणि शशीची गाठ पडली, १९५८ मध्ये लग्न झालं. तेव्हाही जेफ्रींचा विरोध होता, कारण थोरली म्हणजे कंपनीची नायिका. मुंबईत संसार थाटूनही तिनं नाटक डोक्यातून काढलं नाही. सासरे पृथ्वीराज कपूर यांची ‘पृथ्वी थिएटर्स’ हीसुद्धा फिरती कंपनी, तिलाही स्वतःचं छप्पर नव्हतं. दोन्ही घरांनी जन्मभर दुसऱ्यांच्या हॉलमध्ये पडदा बांधला. ५ नोव्हेंबर १९७८ ला जुहूत शशी आणि जेनिफरनं पृथ्वी थिएटर सुरू केलं, तेव्हा पहिलं नाटक होतं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’. लेखक आपले गो. पु. देशपांडे, दिग्दर्शक ओम पुरी, रंगमंचावर नसीरुद्दीन शाह. पंढरी-काशीची यात्रा केल्यासारखे आपण त्या वास्तूत जातो, आणि तिचा पडदा एका मराठी नाटककाराच्या नाटकावर उघडला हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

‘गुड लाइफ’चा शेवट आणि पृथ्वीची सुरुवात एकाच वर्षातली. धाकटी लंडनमध्ये राणीसमोर, थोरली जुहूच्या वाळूत नाट्यगृहाच्या गडबडीत. कोण जास्त मोठी, हा प्रश्न मला पडत नाही. जेनिफरनं ‘३६ चौरंगी लेन’मधली एकाकी शिक्षिका जशी केली, तसा अभिनय जगाच्या कुठल्याही रंगभूमीवर मिरवावा. फक्त तिला वेळ मिळाला नाही. ७ सप्टेंबर १९८४ ला कर्करोगानं ती लंडनमध्ये गेली.

स्टॉपर्डचं ‘इंडियन इंक’ मी या पार्श्वभूमीवर वाचते. तो स्वतः लहानपणी युद्धकाळात दार्जिलिंगला राहिला होता. आधी १९९१ मध्ये नभोनाट्य झालं, त्यात फेलिसिटी होती फ्लोरा क्रू, १९३० मध्ये हिंदुस्थानात येऊन इथंच मरण पावणारी इंग्रज कवयित्री. तिची धाकटी बहीण एलिनॉर, म्हातारपणी इंग्लंडमध्ये फ्लोराची पत्रं सांभाळत बसलेली. ते काम केलं पेगी ॲशक्रॉफ्टनं, आणि ते तिचं अखेरचं काम ठरलं. १९९५ मध्ये नाटक ऑल्डविच थिएटरवर आलं, फेलिसिटी पुन्हा फ्लोरा. स्टॉपर्डनं ते अर्पण केलंय लॉरा केंडल यांच्या स्मृतीला.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरनं तेच नाटक पुन्हा उभं केलं. या वेळी फेलिसिटी एलिनॉर झाली. वय ७९. स्टॉपर्ड प्रयोग सुरू होण्याच्या काही दिवस आधीच गेला. तीस वर्षांपूर्वी जिनं अकाली गेलेल्या थोरल्या बहिणीचं काम केलं, ती आता मागं उरलेल्या धाकटीचं काम करत होती. प्रत्यक्ष आयुष्यातही ती हीच आहे, मागं उरलेली धाकटी. नाटकात एलिनॉर हिंदुस्थानात येऊन फ्लोराच्या थडग्यापाशी उभी राहते. हा प्रवेश वाचताना जेनिफरची आठवण मला टाळता येत नाही. रोज त्या नाटकात उभं राहताना फेलिसिटीला ती कशी टाळता आली असेल, किंवा टाळायचीच नसेल, हे तिचं तीच जाणे.

माझी एक मनापासूनची इच्छा आहे. हा प्रयोग जुहूला यावा. अर्ध नाटक हिंदुस्थानात घडतं, ज्यांना ते अर्पण केलंय त्या बाईंची हयात इथल्या हॉलमधून फिरण्यात गेली, आणि एलिनॉरला तिच्या बहिणीनं बांधलेल्या रंगमंचावर उभं राहता येईल. ८० च्या घरातल्या नटीला दौऱ्यावर बोलावणं सोपं नाही, कबूल. पण दौऱ्यावर जाणं तिला नवं नाही, आणि पृथ्वीत खुर्च्या जेमतेम दोनशे आहेत. एका आठवड्याची तिकिटं एका सकाळीत संपतील.